सोळाव्या वर्षींचा मित्र

मुलांस शिस्त लावण्यासाठीं मारावें कीं न मारावें, हा वाद फार जुना आहे. संस्कृतांतील एका प्रसिद्ध सुभाषितांत असें सांगितलें आहे कीं, पुत्राचे पांच वर्षें लाड करावे, पुढें दहा वर्षें त्याला ताडन करावें, आणि सोळावें वर्ष लागतांच त्याला मित्राप्रमाणें वागवावें. लहानपणीं हें सुभाषित आम्हीं वडिलांच्या तोंडून पुष्कळदां ऐकलें. त्यांतील ताडनाचा भाग आम्हांस लवकर कळला; मैत्रीचा भाग कळावयास मात्र अर्धें आयुष्य गेलें. त्यासंबंधींचा आमचा अनुभव विद्यार्थ्यांपुढें व विशेषतः पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचे वडील निर्दय नव्हते. पहांटे उठून शेताकडे जाणारे, स्वतः जुनें नेसून आमची फी वेळेवर भरणारे असे ते गृहस्थ होते. परंतु मुलाच्या चुकीवर मार हेंच औषध, अशी त्यांची समजूत होती, व दारामागें निरगुडीची शिमटी सदैव ठेवलेली असे. एकदां कंदिलाची कांच पुसतांना ती आमच्या हातून फुटली. आम्हीं तें कबूल केलें व मार खाल्ला. पुढें शाईची दौत त्यांच्या हिशेबाच्या वहीवर सांडली, तेव्हां आम्हीं मांजराचें नांव सांगितलें व सुटलों. कांच जपून पुसावी हें आम्ही त्या माराने शिकलों नाहीं. चूक लपवावी हें मात्र पक्कें शिकलों.

या शिकवणीचें फळ आम्ही नऊ वर्षांचे असतांना मिळालें. एका पडक्या गिरणीच्या आवारांत जाण्यास वडिलांनीं मना केलें होतें. तेथें खेळत असतां गंजलेला खिळा आमच्या तळपायांत रुतला. घरीं येऊन आम्हीं पाय धुतला, चिंधी बांधली, आणि जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें जेवावयास बसलों. तीन दिवस लंगडणें लपविलें. चौथ्या दिवशीं तापानें अंग फणफणलें, पाय घोट्यापर्यंत सुजला, तेव्हां आईच्या दृष्टीस ती चिंधी पडली. वडिलांनीं आम्हांस खांद्यावर घेऊन तालुक्याच्या गांवीं नेलें. डॉक्टरांनीं पाय चिरला, सुई टोंचली, आणि आणखी उशीर होता तर जीवावर बेतलें असतें, असें स्पष्ट सांगितलें. त्या रात्रीं वडील आमच्या खाटेशीं बसून होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "अरे, मला सांगितलं कां नाहींस?" आम्हीं भिंतीकडे तोंड फिरविलें. उत्तर आम्हांस ठाऊक होतें. त्यांनाही तें उमगलें असावें, कारण त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं.

त्यानंतर दारामागची शिमटी दिसेनाशी झाली. परंतु आमच्या मनांतलें भय तेथेंच राहिलें. सोळावें वर्ष आलें आणि गेलें. वडिलांशीं आमचें बोलणें फी, पाऊस व गुरें यांपलीकडे कधीं गेलें नाहीं. त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत आम्हीं त्यांचे पाय चेपले, पण मनांतलें कांहीं बोलूं शकलों नाहीं. तेही बोलले नाहींत.

इतकें भोगूनही आम्ही शहाणे झालों नव्हतों, हें लिहितांना लाज वाटते. आमचा मुलगा सहा वर्षांचा असतांना पाढे चुकला कीं आमचा हात त्याच्यावर उठे. एके सायंकाळीं तो खुंटीखालीं खेळत बसला होता. आम्हीं छत्री काढण्यासाठीं हात वर केला, तों त्यानें दोन्ही हातांनीं डोकें झांकून घेतलें व विचारलें, "बाबा, मी काय केलं?" छत्री खुंटीवरच राहिली. आम्ही त्याच्याजवळ बसलों, व जन्मांत प्रथमच एका लहान मुलाची क्षमा मागितली.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नाहीं. अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं सुमारें ५० वर्षांतील अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१६ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांत १,६०,००० हून अधिक मुलांचा समावेश होता. चापट्या मारल्यानें मुलें पुढें अधिक गुणी होतात, असें त्यांत आढळलें नाहीं. उलट अशा मुलांत दांडगाई, मनाचे विकार व आईबापांशीं दुरावा यांचें प्रमाण अधिक दिसलें. स्वीडन देशानें १९७९ सालींच आईबापांनींही मुलांवर हात उगारूं नये असा कायदा केला. आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. पण तें कलम शाळेपुरतें आहे. घरांतील हात आईबापांनींच आवरावयाचा असतो.

याचा अर्थ मुलांस मोकाट सोडावें असा नव्हे. सांडलें तें त्यानें पुसावें, मोडलें तें आपल्याबरोबर बसून नीट करावें, दुसऱ्याचें मन दुखविलें तर जाऊन क्षमा मागावी. यांत वेळ जातो आणि आपला राग गिळावा लागतो. थप्पड एका क्षणाचें काम आहे, म्हणूनच ती इतकी सोपी वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातून चूक झाली तर ती घरीं सांगण्याचें धैर्य करा. आणि पालकहो, तें सांगावयास आलेल्या मुलाचें आधीं सगळें ऐकून घ्या. आमच्या मुलास गेल्या वर्षीं सोळावें लागलें. गणितांत नापास झाल्याची बातमी घेऊन तो प्रथम आमच्याकडेच आला. आम्हांस वाईट वाटलें खरें. पण तो आमच्याकडे आला, या समाधानांत त्या रात्रीं आम्हांस वडिलांची फार आठवण झाली.