गालिच्याची पाठ

जुन्या पेढ्यांवर बैठकीचा क्रम ठरलेला असे. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गादी, तिच्यावर पांढरी चादर आणि भिंतीशी लोड-तक्के. गालिच्याला या रोजच्या व्यवहारात स्थान नसे. तो दिवाणखान्यात, पाहुण्यांपुरता अंथरला जाई. आजही अनेक घरांत एखादा जुना गालिचा गुंडाळून ठेवलेला असतो आणि त्याचे मोल किती, हा प्रश्न घर बदलताना किंवा भावाभावांच्या वाटणीच्या वेळी अचानक उभा राहतो. सोन्याला कसोटीचा दगड आहे. गालिच्याला तशी एकच कसोटी नाही. तथापि त्याची खातेवही त्याच्याच अंगावर लिहिलेली असते. ती वाचण्यासाठी गालिचा उलटा करावा लागतो.

हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात मागावर प्रथम उभे धागे ताणले जातात. विणकर त्या धाग्यांभोवती रंगीत लोकरीची एक गाठ घालतो, टोक कापतो आणि पुढच्या गाठीकडे वळतो. ओळ पुरी झाली की आडवा धागा ओवून ती पंजाने ठोकून घट्ट बसविली जाते. कापलेल्या टोकांची वर मऊ लव होते. पाठीवर मात्र प्रत्येक गाठ उघडी राहते. म्हणूनच अस्सल गालिच्याची नक्षी पाठीवरही स्पष्ट दिसते आणि त्याची झालर ही उभ्या धाग्यांचीच टोके असतात. यंत्रावरच्या गालिच्याला झालर बहुधा मागाहून शिवलेली असते. तिसरा प्रकार टफ्टेड गालिच्याचा. त्यात कापडात लोकर टोचून, पाठीला चिकट द्रव्य लावून वर दुसरे कापड डकवितात. त्यातही हातांचे श्रम असू शकतात, पण गाठ नसते. तो स्वस्त म्हणून विकण्यात काहीच गैर नाही. गाठीचा म्हणून विकण्यात मात्र आहे.

ही कला फार प्राचीन आहे. अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथे १९४९ साली एका गोठलेल्या थडग्यात सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा गाठींचा गालिचा सापडला. बर्फाने त्याला तारले होते. आपल्या देशात अकबराच्या काळी आग्रा, फतेपूर सिक्री आणि लाहोर येथे गालिचे विणले जाऊ लागले. आज भदोही-मिर्झापूर आणि काश्मीर येथील विणकर ती परंपरा चालवीत आहेत.

परंतु गालिच्याचे मोल आणि व्यापाऱ्याचा शब्द यांचे नाते समजून घ्यावयाचे, तर इराणातील अर्दबिलच्या गालिच्याची हकीकत जाणून घेतली पाहिजे. तेथील शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यात एकसारख्या दोन गालिच्यांची जोडी होती. विणलेल्या मजकुरात मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी सन ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, अशी नोंद आहे. ताणाबाणा रेशमाचा, लव लोकरीची; लांबी सुमारे साडेदहा मीटर आणि रुंदी पाच मीटरांहून अधिक. एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ५० गाठी, म्हणजे एकूण अडीच कोटींहून अधिक. एकेक गाठ बोटांनी घातलेली!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जोडी इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती आली. दोन्ही गालिचे झिजलेले होते. दोन अपुरे विकण्यापेक्षा एक पूर्ण विकावा, असा हिशेब झाला. एका गालिच्याचे तुकडे काढून दुसरा दुरुस्त करण्यात आला. हा पूर्ण दिसणारा गालिचा १८९३ साली लंडनच्या संग्रहालयाने, आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, २,००० पौंडांना घेतला. विख्यात कलावंत विल्यम मॉरिस यांनी त्याची शिफारस केली होती. दुसऱ्या गालिच्याविषयी मात्र मौन पाळले गेले. काठ गमावलेला तो गालिचा खासगी संग्रहांतून फिरत राहिला. १९३१ साली लंडनच्या प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. पुढे जे. पॉल गेटी यांनी तो विकत घेतला आणि १९५३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला दिला.

नफ्याच्या दृष्टीने हा व्यवहार चोख ठरला असेल. पण साडेतीनशे वर्षे एकत्र राहिलेली जोडी कायमची मोडली. यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दुरुस्तीची हकीकत उघड झाल्यावर लंडनच्या गालिच्याची प्रतिष्ठा तसूभरही उणावली नाही. जे सांगितल्याने मोल घटले नाही, ते दडवून काय साधले? जुन्या गालिच्याला रफू असणे हा दोष नव्हे; रफू लपविणे हा दोष. वाटणीत एकच गालिचा असेल, तर तो कापून दोघांना देण्यापेक्षा एकाने ठेवावा आणि दुसऱ्याला त्याचे मोल द्यावे, हेही यातून उमजावे.

मोल टिकवायचे तर निगा हवी. लंडनच्या संग्रहालयात अर्दबिलच्या गालिच्यावर दर अर्ध्या तासाला केवळ दहा मिनिटे पुरेसा प्रकाश सोडतात, कारण प्रकाशाने रंग विटतात. घरातही गालिच्यावर थेट ऊन पडू देऊ नये. वर्षातून एकदा तो टोकाकडून टोकाकडे फिरवावा, म्हणजे झीज एकाच बाजूला होत नाही. काही सांडल्यास न घासता पांढऱ्या सुती कापडाने टिपावे. ठेवताना घडी घालू नये, गुंडाळावा. प्लास्टिकमध्ये न बांधता सुती चादरीत ठेवावा, कारण कोंडलेल्या ओलाव्याने ताणाबाणा कुजतो.

सर्वांत मोठा शत्रू कसर. पतंग लोकर खात नाही. अंधाऱ्या, न हललेल्या जागी त्याने घातलेल्या अंड्यांतील अळ्या ती खातात. यावर उत्तम उपाय मारण्याचा नसून उत्पत्तीच होऊ न देण्याचा आहे, आणि अहिंसा पाळणाऱ्या घराला तोच शोभतो. पावसाळा सरला की गालिचा उलगडावा, दोन्ही बाजूंनी झाडावा, हवेशीर सावलीत ठेवावा. जड कपाटाखालचा भागही वेळोवेळी मोकळा करावा. व्यापाऱ्याच्या वहीत वटाव-कसरीचे खाते असते. तेथील कसर मांडून मोकळे होता येते, गालिच्यातली भरून काढावी लागते.

शेवटी, प्रत्येक जुन्या गालिच्यासोबत एक कागद असावा. तो कधी, कोठून, किती किमतीस घेतला, कोठे रफू झाले, याची त्यात नोंद असावी आणि सोबत पाठीचे एक छायाचित्र. पुढच्या पिढीला गालिच्याबरोबर त्याचा खरा हिशेबही मिळेल, आणि विकण्याची वेळ आलीच तर तो कागद गिऱ्हाइकापुढे निःशंकपणे ठेवता येईल.