डायपोल आणि अनडू

मागच्या वीकेंडला हिंगणघाटला गेलो ते तांब्याची तार बॅगेत घालूनच. सीबी रेडिओचा पट्टा ऐकायला डायपोल बनवायचा होता. फक्त ऐकायलाच हं! २००५ साली सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ परवान्यातून मोकळे केले, पण ५ वॅट आणि सेटमध्येच बसवलेला अँटेना या अटीवर.

गणित सोपं. १४३ भागिले २७.१२, म्हणजे ५.२७ मीटर. त्याचे दोन सारखे तुकडे. एकाला केबलची आतली तार, दुसऱ्याला बाहेरची जाळी.

मी मोजून पक्कड लावली, तोच बाबा म्हणाले, "काहून घाई करून राहिला? थोडी लांब ठेव. मागून कापता येते, वाढवता नाही येत." दिवसभर कंट्रोल-झेड दाबणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं! शिवाय टिनाचं छप्पर जवळ असलं की कागदावरची लांबी जशीच्या तशी बसत नाही.

रात्री गच्चीवर दोघं तासभर बसलो. नुसती खरखर. या पट्ट्यावर लांबचं ऐकू येतं ते बहुतेक दिवसाच.

"उद्या पाहू मग," बाबा म्हणाले.

माझं तिकीट सकाळचं होतं. रद्द केलं.