भिंगाची निवड

आमच्या घरांतील छायाचित्रें काढण्याचें काम गेलीं कित्येक वर्षें माझ्याकडेच आहे. यंदा नवें भिंग घ्यावयाचें ठरलें, तें मुद्दाम धूसर चित्र काढणारें! ‘पैसे मोजून अंधुक चित्र घ्यावयाचें?’ हा आमच्या चिरंजीवांचा प्रश्न.

अमेरिकेतील लेन्सबेबी कंपनीचीं दोन भिंगें मनांत भरलीं होतीं. पहिलें २०१५ सालीं निघालेलें ‘व्हेल्वेट ५६’. छिद्र पूर्ण उघडलें कीं, चित्रावर साईसारखी मऊ झांक येते आणि सुरकुत्या विरतात. छिद्र लहान करावें तसतशी ती ओसरते. दुसरें ‘स्वीट ५०’. त्यांत एक वाटोळा भाग तेवढा रेखीव, भोंवतालचें सारें पाघळलेलें. तें ज्या खोबणींत बसतें ती चेंडूसारखी फिरते, म्हणून तो रेखीव भाग पाहिजे तर कडेलाहि नेतां येतो. दोहोंतहि फोकस हातानेंच साधावा लागतो. घाई करणाऱ्यानें या वाटेस जाऊं नये.

माझा कल पहिल्याकडे होता. आत्याबाईंना तसें सांगितलें, तर त्या म्हणाल्या, “अरे, सुरकुत्या घालवल्यास तर मी ओळखूं कशी येणार?”

आमच्या लग्नामुंजींच्या चित्रांत त्या नेहमींच कडेला. कधीं अर्धा खांदा, कधीं नुसता पदर. मीं दुसरें भिंग घेतलें.

गणपतींत मंडळी माजघरांत बसली. आत्याबाई दाराच्या चौकटीशीं टेकून उभ्या होत्या. भिंग तिकडे वळविलें.

धाकट्या वहिनी अजून विचारतात, “भाऊजी, आम्हीच कां हो पुसट?”