नुसतं मुद्दल

हवाईला जायचं ठरल्यावर मित्रमंडळींनी वाइकीकीच्या हॉटेलांची यादीच हातात ठेवली. पण या खेपेला आमच्याबरोबर रत्नागिरीहून आलेली आई होती. (आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याच्या सासूबाई!) वय सत्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, आणि "समुद्राचं काय एवढं, तो आपल्या दारातच आहे" हे ठाम मत. तेव्हा तिनं कधी पाहिला नसेल असा समुद्र तिला दाखवायचा असा आम्ही घाट घातला. बिग आयलंडवरचा पुनालूऊचा काळ्या वाळूचा किनारा त्यासाठी निवडला.

हिलोहून अकरा नंबरच्या रस्त्यानं निघालं की साधारण तीस मैलांवर ज्वालामुखींचं राष्ट्रीय उद्यान लागतं. किलाउएआचं विवर तिथेच. ते पाहून दक्षिणेकडे उतरत गेलं की अर्ध्या-पाऊण तासात डाव्या हाताला पुनालूऊ येतं. हा कौंटीचा साधासुधा पार्क आहे. गाड्या लावायला जागा, बसायला बाकं-टेबलं, नारळाची झाडं, आणि पुढे कोळशाची पूड पसरावी तसा काळाभोर किनारा. त्यावर फुटणारा पांढरा फेस इतका उठून दिसतो की आमची कन्यासुद्धा हेडफोन काढून बघत राहिली.

आई गाडीतून उतरली, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला काळा समुद्र!"

आमचा बार फुसका! रत्नागिरीकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: भगवतीच्या किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र, अशी आमच्या गावाची श्रीमंती आहे. आईनं चप्पल काढली, खाली वाकून मूठभर वाळू घेतली, बोटांत चोळली. "नाही रे. आपली मऊ असते. ही खरखरीत आहे, काचेसारखी."

तिचं निदान अचूक होतं. हजार अंशांहून जास्त तापलेला लाव्हा समुद्रात शिरला की एका क्षणात थिजतो, त्याची काच होते आणि ती तडकून तिचा चुरा होतो. लाटा तो चुरा ढकलून काठाला लावतात. नदी डोंगर झिजवणार, मग समुद्र तो दळणार, असला युगायुगांचा कारभार इथे नाही. काही महिन्यांत किनारा तयार! २०१८ साली किलाउएआच्या पूर्वेकडच्या उद्रेकात सातशेच्या आसपास इमारती गेल्या आणि त्याच लाव्ह्यानं पोहोइकीला नवा काळा किनारा करून दिला. पण मासेमारीच्या होड्या जिथून पाण्यात सोडत, तो धक्का त्याच वाळूनं कोंडून टाकला. त्याआधी १९९० साली कलापना गाव आणि शेजारचा काइमूचा प्रसिद्ध काळा किनारा लाव्ह्याखाली गाडला गेला. तिथलं रंगीत चित्रांचं लाकडी चर्च गावकऱ्यांनी लाव्हा पोचायच्या आत उचलून दुसरीकडे नेलं, म्हणून वाचलं.

"आणि इथे नवी वाळू कुठून येते?" आईनं विचारलं.

"येत नाही. लाव्हा थांबला की पुरवठा थांबला. पुढे लाटा नेतात तेवढी कमीच होत जाते."

घरखर्चाची वही पन्नास वर्षं लिहिलेली बाई ती. म्हणाली, "म्हणजे व्याज नाहीच. नुसतं मुद्दल."

काठावर दोन मोठी कासवं ऊन खात पडली होती. इथे त्यांना होनू म्हणतात. त्यांच्यापासून लांब राहायचं असतं. आम्ही पाण्यात पाय घातले तर मध्येच विहिरीच्या पाण्यासारखा गार पट्टा लागला. जमिनीखालून गोडं पाणी झिरपत येतं आणि समुद्रात झऱ्यासारखं फुटतं. पूर्वी लोक तुंबे घेऊन बुडी मारत आणि ते पाणी भरून आणत. 'पुनालूऊ' या नावाचा अर्थच बुडी मारून मिळवायचा झरा. काउइला नावाची कासवीण माणसाचं रूप घेऊन काठावर खेळणाऱ्या मुलांची राखण करते, अशी इथली कथा. आईला ती फार आवडली.

तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना आम्ही तिला सांगितलं की आपला सह्याद्रीही असाच लाव्ह्याचा, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. तुझा पाटा-वरवंटा त्याच कातळाचा. ती भट्टी जमिनीच्या खूप खोल होती. वरचा भारताचा भूखंड पुढे सरकत गेला, भट्टी मागे राहिली. आज ती हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे.

"पुढे जाणारे जातातच," आई म्हणाली.

आम्ही गप्प बसलो. कारण रत्नागिरीच्या जांभ्याच्या घराचे कागद आमच्या बॅगेत होते. बिल्डरचा निरोप आला होता. आईनं सही करावी आणि इथेच आमच्याजवळ राहावं, असं आम्ही महिनाभर घोळवत होतो. सुट्टीत निवांतपणे विषय काढायचा असा बेत होता.

निघताना कन्येला दिसलं की आजीनं रुमालाच्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू बांधली आहे. "आजी, न्यायची नाही. कायदा आहे इथे!" मग तिनंच सांगितलं की हवाईहून दगड नेलेल्या लोकांना पुढे पेलेदेवीच्या कोपाची धास्ती वाटते आणि ते पोस्टानं दगड परत पाठवतात. आई हसली, पण गाठ सोडून पाण्याच्या कडेपर्यंत गेली. रुमाल दोनदा झटकला. परत येऊन गाडीत बसल्यावर म्हणाली, "कागद आणलेत ना तुम्ही? राहू देत बॅगेतच. ते घर ह्यांनी बांधलंय. मी आहे तोवर त्याला हात लावायचा नाही."

पुढे हिलोपर्यंत आम्ही काही बोललो नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगा? तिच्या गुडघ्यांचं काय, रात्री-अपरात्री तिथे कोण, हे प्रश्न काही पाण्यात झटकून जात नाहीत. पण आपली सोय व्हावी म्हणून दुसऱ्याच्या मुद्दलाला हात घालत होतो, हेही त्या दिवशी कळलं.

असो. आई परत गेली. आता दिवसा एक बाई सोबतीला असते आणि रोज रात्री आमचा फोन. पोचल्यावर आठवड्यानं तिचाच फोन आला, आवाजात काळजी: "अरे, साडीच्या फॉलमधून ती काळी वाळू निघाली. दहा-बारा कण असतील. पोस्टानं पाठवू का?"

आम्ही कायदा पुन्हा वाचला. अंगाला, कपड्यांना नकळत चिकटून आली तर माफ आहे. तसं कळवलं.

"मग ठीक," ती म्हणाली. "तुळशीत टाकते."