गॅसचा फ्रिज उतरवताना

गॅसच्या फ्रिजमध्ये हलणारा भाग एकही नसतो. कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, मोटर नाही. पाठीमागे वाकवलेल्या पोलादी नळ्या, तळाशी निळी ज्योत, आणि नळ्यांच्या आत अमोनिया, पाणी व हायड्रोजन. खाली जाळ लावायचा आणि वर बर्फ धरायचा. ही रचना १९२२ साली स्वीडनमध्ये बाल्टसार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी केली, तीही स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकत असताना. मोटरहोममधून, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतून, हेच यंत्र काढून तिथे घरातला विजेचा फ्रिज बसवायचं काम मी ॲरिझोनात करतो. त्या दोन विद्यार्थ्यांबद्दलचा माझा आदर या कामामुळे वाढतच गेला आहे.

मग ते काढायचं कशाला? कारण ॲरिझोनाचा उन्हाळा. हा फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो ती केवळ गरम हवेच्या वर चढण्यावर. गाडीच्या बाजूच्या जाळीतून हवा आत येते, नळ्यांवरून वर जाते आणि छतातून बाहेर पडते. बाहेरची हवाच ४३-४४ अंश तापलेली असली की ती उष्णता घेणार तरी किती? माझ्या ओळखीचं एक निवृत्त मराठी जोडपं वर्षातले बरेच महिने मोटरहोममधून फिरतं. काकू म्हणाल्या, "अरे, सकाळी लागलेलं दही फ्रिजमध्ये ठेवते आणि जेवणापर्यंत ते आंबट ढाण होतं. विरजण जास्त पडतंय का माझं?" मी म्हटलं, "काकू, विरजणाचं काही नाही. आत एक थर्मामीटर ठेवा आणि दुपारी बघा." काटा १० अंशांवर होता. अन्न टिकायला तो ४ च्या खाली हवा.

उष्णतेहून मोठा प्रश्न पातळीचा. नळ्यांमधला सगळा द्रव फिरतो तो उतारावर, कोकणातल्या कुळागरात पाटाचं पाणी फिरतं तसा. उतार बिघडला की पाणी एका जागी तुंबतं. गाडी चालू असताना द्रव हिंदकळत राहतो, त्यामुळे फारसं बिघडत नाही. गाडी कलत्या जागी तासन् तास उभी राहिली आणि ज्योत चालूच ठेवली, तर बॉयलरमधला द्रव परत येत नाही आणि नळी कोरडी तापते. गंज लागू नये म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट तिथे थिजून बसतं. हे पुन:पुन्हा झालं की पोलादाला चीर पडते. अमोनिया आणि हायड्रोजन बाहेर, आणि शेजारी पेटती ज्योत. मोटरहोमला लागलेल्या कितीतरी आगींची सुरुवात याच कोपऱ्यात झाली आहे. म्हणून जुना फ्रिज बघायला गेलो की मी आधी बाहेरची जाळी काढतो. बॉयलरपाशी पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर पुढची चर्चा गॅसचा कॉक बंद केल्यावरच.

लोकांना वाटतं, या कामातली कसोटी फ्रिज आत नेण्याची. ती आहेच. मोटरहोमचा दरवाजा जेमतेम २४-२६ इंच रुंद, फ्रिज ३३ इंचांचा. तेव्हा जेवणाच्या टेबलापाशी असलेली मोठी खिडकी चौकटीसकट उतरवायची, जुना फ्रिज तिच्यातून बाहेर द्यायचा आणि नवा आत घ्यायचा. चार माणसं लागतात, एकमेकांचं ऐकणारी. खिडकी परत बसवताना जुनं सील पूर्ण खरवडून नवी ब्युटिल पट्टी लावायची. इथे आळस केला तर पहिल्या पावसात भिंत भिजते.

पण माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो गॅसच्या नळीत. फ्रिज गेला तरी शेगडी आणि हीटर त्याच टाकीवर चालत राहतात. म्हणजे फ्रिजकडे आलेल्या तांब्याच्या नळीचं तोंड जन्मभरासाठी बंद करायला हवं. टेप गुंडाळून नव्हे, कॉक फिरवूनही नव्हे, तर पितळेचं फ्लेअर बूच दोन पान्यांनी आवळून. मग टाकी उघडायची आणि साबणाचा फेस लावून बघत बसायचं. नंतर दाबमापक जोडायचा. या नळ्यांतला दाब असतो पाण्याच्या अवघ्या ११ इंच उंचीइतका. टाकी बंद करून काटा न्याहाळायचा, तो जागचा हलता कामा नये. टाकीतला प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचत राहतो. त्याच जमिनीच्या वर हातभर उंचीवर रात्री माणसं झोपणार असतात.

मग वीज. खरं तर इथूनच सुरुवात व्हायला हवी. १८ घनफुटांचा घरगुती फ्रिज वर्षाला ३५० ते ५५० युनिट घेतो, म्हणजे दिवसाला एक ते दीड. बॅटरीची वीज त्याला इन्व्हर्टरमधून मिळते, आणि शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर स्वतःच अर्धा-पाऊण युनिट खातो. गोल्फकार्टच्या ६ व्होल्टच्या चार बॅटऱ्यांमध्ये साधारण ५ युनिट मावतात, पण लेड-ॲसिड अर्ध्याखाली उतरवायची नसते. हिशोब एका दिवसात संपला. लिथियमच्या बॅटऱ्या आणि छतावर ४०० वॉटचं सोलर असेल, तर ॲरिझोनाचं ऊन बहुतेक दिवस भरपाई करतं. काकांनी आधी फ्रिज आणि पुढच्या वर्षी बॅटऱ्या असा बेत सांगितला होता. मी स्पष्ट सांगितलं, "काका, उलट करा. आधी वीज, मग फ्रिज. नाहीतर रात्री तुम्ही झोपाल आणि फ्रिजही झोपेल." त्यांनी ऐकलं.

बाकी कामं सुताराची. बाजूची जाळी आणि छताचं भोक आतून बंद करून फोमने भरायचं, पण नव्या फ्रिजला त्याच्या पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडायची. अनेक गाड्यांत फ्रिजखाली हीटर असतो, तिथे फळी खाली घ्यायची तर हीटरची हवा अडत नाही ना हे पाहायचं. आणि फ्रिज भिंतीला जखडायला त्याच्या कुशीत स्क्रू कधीही मारायचा नाही. आजच्या फ्रिजच्या बाजूंच्या पत्र्याआडून गरम नळ्या गेलेल्या असतात आणि त्यांत बहुधा आयसोब्युटेन असतो, तोही पेट घेणारा. धरायचा तो तळाच्या चौकटीला पोलादी कोन लावून. दारांना प्रवासात पट्टा.

कुणी गॅसचाच फ्रिज ठेवावा? ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात दोन-दोन आठवडे विजेच्या जोडणीशिवाय उभे राहणारे, थोडं सामान बाळगणारे, गाडी पाणसळ लावून उभी करणारे. त्यांना मी फ्रिज बदलू देत नाही. त्या शांत रात्री कॉम्प्रेसरची घरघर त्यांना नको असते, आणि थंड हवेत तो फ्रिज उत्तम चालतो. उन्हाळ्यात फिरणाऱ्यांनी, विजेची जोडणी असलेल्या जागी मुक्काम करणाऱ्यांनी आणि घरात दूध-दही-भाजी भरपूर लागणाऱ्यांनी मात्र बदलावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्यांचा जुना फ्रिज बाहेर निघेल त्यांना एक विनंती. भंगारवाल्याच्या हाती देताना त्याला तोंडी सांगा आणि फ्रिजवर ठळक अक्षरांत लिहूनही ठेवा. आत मोठ्या दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन आहे, क्रोमेट विषारी आहे, नळीला करवत लावू नकोस, जाळ दाखवू नकोस.