हिच्या चिठ्ठ्या आणि पायथनची तयार क्रमवारी

हिने वीसेक वर्षं जमवलेल्या मालवणी शब्दांच्या चिठ्ठ्या हजारावर आहेत. प्रत्येकीच्या कोपऱ्यात गावाचं नाव: आंबोली, गेळे, चौकुळ, दाणोली. ती गेल्यापासून पत्र्याच्या डब्यात होत्या. आमच्या आंबोलीच्या पावसात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून सगळ्या संगणकात भरल्या.

क्रम लावायची वेळ आली तेव्हा पुण्याची नात फोनवर म्हणाली, "आजोबा, पायथनमध्ये ते तयार आहे. 'सॉर्टेड' म्हणा की झालं." ही पद्धत टिम पीटर्स नावाच्या गृहस्थांनी २००२ साली लिहिली. आधीच क्रमाने असलेले तुकडे हुडकायचे आणि ते एकमेकांत मिसळायचे. परीक्षेनंतर आम्ही शिक्षक उत्तरपत्रिकांचे लावलेले गठ्ठे एकत्र करायचो ना, अगदी तसंच! शिवाय ती 'स्थिर' आहे. म्हणजे आधी शब्दाने लावा, मग गावाने लावा. प्रत्येक गावाच्या आत शब्दांचा क्रम मोडत नाही. मला हे फार आवडलं.

पण यादी आली ती अशी: माळो, मावशी, मासो. आता आपला ळ 'ह'च्या नंतरचा. चाळीस वर्षं मुलांकडून तसंच म्हणून घेतलं. यंत्राला मात्र वर्णमाला येत नाही, ते अक्षरांचे क्रमांक बघतं. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतली, आणि तिच्यात ळ 'ल'च्या शेजारी बसलाय. (हिंदीवाल्यांना काय फरक पडतो म्हणा!)

त्यासाठी तयार पद्धत टाकून द्यावी लागत नाही. तिला 'की' म्हणून एक छोटं फंक्शन देता येतं: तुलना करताना ळ च्या जागी 'ह'च्या पुढचं, मराठीत न लागणारं एक चिन्ह धर. मूळ शब्द तसाच राहतो. दोन ओळींचं काम. आता मावशी, मासो, माळो.

नवा शब्द मिळाला तर 'बायसेक्ट' आहे. आपण शब्दकोश मध्येच उघडून पुढे-मागे होतो, तसं ते यादी अर्धी-अर्धी करत जातं. हजार शब्दांत दहा वेळा डोकावलं की जागा सापडते.

राहिला अनुस्वार. यंत्र 'कोंबो' हा 'कोकम'च्या आधी घालतं, आणि बरेच लोक तसंच लावतात. हिच्या वहीत मात्र कोकम, कोंबो, कोयतो असा क्रम आहे. ब च्या आधीचा अनुस्वार तिने 'म्' मानला होता. नात म्हणाली, "आजोबा, यंत्राचाच ठेवा, सोपं पडेल." मी त्या फंक्शनमध्ये आणखी एक ओळ वाढवली. कोंबो हिने ठेवला होता तिथेच आहे.