यादीतलं चौथं नाव

यादीतलं चौथं नाव निळ्या पेनने खोडलेलं होतं. तीन वर्षं होत आली, ती रेघ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मुलगा टांझानियाचा, दारेसलामचा. पुण्यात आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला. १४ दिवसांत परदेशी नोंदणी, घरमालकाने भरायचा सी फॉर्म, 'आफ्रिकन' ऐकून खोली नाकारणारे मालक, हे सगळं नेहमीचंच. तो रुळला मात्र भराभर. स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, पैशाला पेसा, दुकानाला दुका. या ओळखीच्या शब्दांचं बोट धरून तो मराठी शिकला. तिकडे रिक्षाला बजाजीच म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं.

शेवटच्या वर्षी कॅम्पसला कंपनी आली. "तूही बस," असं मीच म्हणाले. ॲप्टिट्यूडमध्ये तो वर्गात दुसरा आला. टेक्निकल राउंड पाऊण तास चालला. बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, डेटाबेसचं सगळं आलं." मग एचआरच्या टेबलावर त्याने पासपोर्ट ठेवला आणि मुलाखत तिथेच थांबली. समोरच्या बाईंनी त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "यांना कोणी बसवलं?"

स्टुडंट व्हिसावर पगारी काम करता येत नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा, तर साधारणपणे वर्षाला १६.२५ लाख रुपये पगार लागतो. ती नोकरी साडेतीन लाखांची होती. त्या बाईंना नियम पाठ होता, मला ठाऊकही नव्हता. जादा फी घेताना आमच्यापैकी कोणीच त्याला हे सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर नावावर रेघ ओढली गेली. तो म्हणाला, "ठीक आहे, मॅडम." मराठीत म्हणाला, तेच जास्त लागलं.

माझी भाची तेव्हा इंग्लंडात लेस्टरला शिकत होती. तिला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करायची मुभा, पदवीनंतर आणखी दोन वर्षं. ती दोन वर्षं कशी पुरणार, म्हणून आम्ही घरी तिकडच्या सरकारवर चिडायचो. ते आठवून मान खाली गेली.

पण त्याच्या जागी जतचा मुलगा लागला. घरची चार एकर कोरडवाहू, पाठीवर दोन बहिणी. त्याने आणलेले पेढे मी खाल्ले आणि ते मला गोडच लागले. म्हणून नियमच अन्यायाचा आहे, असं आता मी ठासून म्हणू शकत नाही.

मात्र प्रवेशाच्या आधीच मुलांना हे सांगा, एवढं मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. आणि पुण्यात बनलेला माल पूर्व आफ्रिकेत विकला जातो, तर तिथल्या कामासाठी ही मुलं का घेऊ नयेत? स्वाहिली, इंग्रजी आणि मराठी बोलणारा माणूस रोज थोडाच सापडतो! प्लेसमेंट सेलने अशा कंपन्यांना निदान पत्रं तरी लिहावीत.

यंदा जूनमध्ये दारेसलामच्याच एका मुलीने चौकशीसाठी व्हिडिओ कॉल केला. मागे तिची आई उभी होती. मी सगळं सांगितलं, १६.२५ लाखांचा आकडासुद्धा. ती म्हणाली, "मग तिथे शिकून मला काय मिळेल?" मी डिग्रीबद्दल बोलले, प्रोजेक्टबद्दल बोलले. तिचा पुन्हा फोन आला नाही.

खरं सांगितल्याचं समाधान वाटायला हवं होतं. घरी जाताना सारखं वाटत राहिलं, सांगितलं नसतं तर ती आली असती.